झिपऱ्याचे उपकार

हिवाळ्यात नंदुरबारहून कोरीटच्या रस्त्याला लागलात, की आधी डोळ्यांना लाल दिसतं आणि मागून नाकाला कळतं. दोन्ही अंगांना मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. जमीन रंगवून काढावी तशी लांबवर मिरचीच मिरची वाळत पडलेली. त्या लालीच्या मधोमध एक उंच, बिनखिडक्यांची इमारत उभी आहे. तिला सगळे मिरचीची टॉकीज म्हणतात, कारण एके काळी ती खरोखरच टॉकीज होती. माणकचंद शेठजींनी ती बांधली, हौसेनं चालवली, आणि घरोघरी टीव्ही आले तसं एक दिवस कुलूप लावलं. खुर्च्या गेल्या, मशिनं भंगारात गेली. आता त्यांचा नातू अभिनंदन तिथे मिरचीची पोती ठेवतो.

गेल्या पौषातल्या एका दुपारी अभिनंदनची आई सूरजबाई आणि बायको शिखा, अशा दोघी तिथे घरच्या तिखटासाठी मिरची निवडायला गेल्या. निघताना कारण तेवढंच सांगितलं होतं.

शिखाचं माहेर धुळ्याचं. हसतीखेळती मुलगी, सासरी आल्यावर तिनं दुकानाचा सगळा कारभार संगणकावर चढवला होता. पण दिवाळीच्या आधी सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं, आणि त्याबरोबर तिचा आवाजही गेला. ती रडली नाही, ओरडली नाही. विचारलं तर 'हो' आणि 'नको' एवढंच बोलायची, तेही ओठांतल्या ओठांत. ताटातला घास ताटातच राहायचा. दिवसभर गच्चीवर बसून लांबच्या पथाऱ्यांकडे बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, वेळ जाऊ द्या. नातेवाईक म्हणाले, तीर्थाला न्या. धुळ्याहून तिची आई आली, आठवडाभर राहिली आणि डोळे पुसत परत गेली. अभिनंदन तर बायकोच्या खोलीत पाऊल टाकतानाही चोरासारखा टाकायचा.

 सूरजबाई मात्र सुनेच्या अंगावरचं मांस झडत चाललेलं बघत होत्या, आणि मनात काहीतरी जुळवत होत्या.

ही बाई सत्तरीला टेकलेली, कडक जैन धर्माची. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घेणार नाही. कांदा, बटाटा उंबऱ्याच्या आत नाही. पायाखाली मुंगी आली तर जागच्या जागी थांबून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणार. अशा बाईला एकच नाद होता, आणि तो सगळ्या घराला ठाऊक असून कोणी चारचौघांत बोलत नसे. सूरजबाईंना जुने भुताखेतांचे, राक्षसांचे सिनेमे प्राणापलीकडे आवडत. ज्यात धुक्यातली हवेली असते, नटीच्या किंकाळीला छत फाटतं, आणि रबरी तोंडाचा कोणी दैत्य माणसांच्या मुंड्या मुरगाळत हिंडतो, असले. बादल्यांनी रक्त सांडत असताना ह्या शांतपणे शेंगा सोलत बसत. कोणी छेडलं तर म्हणत, "रंग आहे रे तो. रंगाला कसली हिंसा?"

टॉकीजच्या पोटात त्या दुपारी अंधुक उजेड होता. छपराला काही ठिकाणी फायबरचे पत्रे आहेत, त्यातून ऊन झिरपत होतं आणि त्या उन्हात लाल धूळ तरंगत होती. मिरचीच्या गोदामात नवा माणूस शिरला की आधी खोकतो, मग शिंकतो, मग त्याच्या डोळ्यांना धारा लागतात. रोजचे हमालही तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आत येत नाहीत. सासूसुनेनं पदर तोंडावर घेतले आणि गोणपाटावर बसून त्या मिरची निवडू लागल्या. तीन बाजूंना छातीच्या वर पोत्यांच्या थप्प्या, आणि समोर ती पांढरी भिंत. पडद्याची. तिच्यावर मात्र कोणी पोती लावली नव्हती.

"तिथे वर बघ," सूरजबाई अचानक म्हणाल्या.

शिखानं मान वळवली. मोठ्या लोखंडी दाराच्या वर, भिंतीत उंचावर, दोन चौकोनी भोकं होती.

"मशिनची खोली. मी तिथून सिनेमा बघायची. घरच्या सुनेनं खाली लोकांत बसायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम. पण रेवजी होता मशीन चालवायला. कोरीटचाच. त्यानं मला एक स्टूल ठेवून दिलं होतं. म्हणायचा, 'वहिनी, आठे बठा, आठे कोणी देखस नही.'"

 शिखाचा हात मिरचीवर थांबला.

"मला पहिला मुलगा झाला होता," सूरजबाई पुढे म्हणाल्या. त्यांची नजर हातातल्या मिरचीवरच होती. "अभिनंदनच्या आधी. नाव ठेवायच्या आतच गेला. मला कोणी रडूही दिलं नाही. म्हणाले, रडू नको, पुढच्या बाळाला बाधेल. मग मी नाहीच रडले. नंतर ठरवून रडायला बसले, तरी येईना. दगड झाला होता छातीत. एक दिवस सासूबाईंनी इथे सासऱ्यांचा डबा घेऊन पाठवलं. रेवजीला काय वाटलं कोण जाणे, मला वर बोलावून स्टुलावर बसवलं. खाली झिपऱ्या चालू होता."

"झिपऱ्या?"

बऱ्याच दिवसांनी सुनेनं आपणहून काही विचारलं होतं. सूरजबाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"सिनेमाचं नाव वेगळं होतं. पण नंदुरबारात सगळे झिपऱ्याच म्हणायचे. अंगभर झिपऱ्या, अस्वलासारखा. डोळे लाल बल्बचे. नटी एका खोलीत एकटी आहे, दार करकरतं, आणि तो उभा! मी जी किंचाळले, बेटा... माझी किंचाळी त्या भोकातून खाली पडली, आणि खालचे हजारभर लोक माझ्या पाठोपाठ किंचाळले. मग कळलं की वरून कोणी बाई ओरडली, तसं सगळं थिएटर हसायला लागलं. मी पण हसले. हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. रेवजीनं तोंड फिरवून घेतलं आणि मशीन चालवत राहिला. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन पोटभर जेवले."

सूरजबाईंनी आणखी एका मिरचीचं देठ मोडलं.

"खरी भीती कुठे सुरू झाली आणि कधी सुटणार, काही समजत नाही," त्या म्हणाल्या. "ह्याची तशी नाही. हा येतो, आपला जीव घशात आणतो, आणि शेवटी दिवे लागतात. म्हणून मला आवडतो तो."

तेवढ्यात अभिनंदन आला. त्याच्या हातात मित्राकडून आणलेला छोटा प्रोजेक्टर होता, काखेत छोटा स्पीकर. मिरची निवडणं हे निमित्तच होतं, हे शिखाला तेव्हा कळलं. त्यानं उलट्या क्रेटवर प्रोजेक्टर मांडला, पुढे भिंतीपाशी स्पीकर ठेवला, आणि दाराजवळच्या जुन्या बोर्डापासून पोत्यांवरून लांबलचक वायर ओढत आणली. बाजूला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. सूर्य बुडायच्या आत दोघींनी डब्यातली भाकरी खाल्ली. म्हणजे सूरजबाईंनी खाल्ली, शिखानं तुकडा मोडला. इतक्यात अभिनंदनला फोन आला. विसरवाडीच्या फाट्यावर त्यांच्या मालाचा ट्रक बंद पडला होता.

"मी जाऊन येतो. अमृत आहे बाहेर फाटकाशी राखणीला," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून, जरा चाचरत, "नको वाटलं तर बंद कर हां."

त्यानं पेनड्राइव्ह लावला, सिनेमा सुरू करून दिला, आणि जाताना अंधार व्हावा म्हणून लोखंडी दार ओढून घेतलं. अगदी बारीक फट तेवढी राहिली. छपरातून येणारा उजेड तांबूस झाला, मग करडा, मग विझला.

भिंतीवर धुकं पसरलं. हवेली आली. ढगांचा गडगडाट पत्र्याचा वाटावा असा झाला आणि कुठूनतरी वटवाघूळ उडालं, ज्याची दोरी स्पष्ट दिसत होती.

"दोरी बघ, दोरी!" सूरजबाईंनी आनंदानं सुनेच्या मांडीवर थाप मारली.

पहिला बळी गेला. रक्त इतकं लाल होतं की भोवतालच्या पोत्यांशी स्पर्धा करावी. मुंडकं जमिनीवर घरंगळलं आणि त्याच्या मानेतून कापूस डोकावला. शिखाच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. सूरजबाईंनी तो डोळ्यांच्या कडेनं टिपला, आणि देवाचं नाव घेतलं.

मग झिपऱ्या आला. आधी नुसता श्वास. रबरी मुखवट्यातून यावा तसा जड, ओला, घरघरता... हंऽऽ... हंऽऽ... मग केसांनी भरलेला पंजा दाराच्या चौकटीवर. मनगटापाशी पोशाखाची चेन चमकली.

"चेन दिसते," शिखा पुटपुटली.

"दिसते ना! आत माणूस आहे बिचारा. रेवजी सांगायचा, त्या पोशाखात गरमीनं त्याला चक्कर यायची."

प्रसंग संपला. झिपऱ्या रानात निघून गेला, भिंतीवर उजेड पडला, नायक-नायिका बागेत हिंडू लागले. बागेत पाखरं ओरडत होती. आणि तरीही...

हंऽऽ... हंऽऽ...

शिखाला आधी वाटलं, स्पीकर खरखरतोय. स्पीकर समोर होता, भिंतीपाशी. हा आवाज मागून येत होता. त्यांच्या खुर्च्यांच्या मागून, थप्प्यांच्या अंधारातून. एकसारखा. दम लागलेल्या माणसाचा.

"मम्मीजी... मागे कोणी आहे?"

"अमृत असेल. बघत असेल चोरून."

पण सूरजबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी फक्त सुनेचा हात घट्ट धरला. दोघींनाही एकच गोष्ट एकाच वेळी कळली होती. सिनेमा सुरू झाल्यापासून त्या दोघी पदरात खोकत होत्या. हवेत धूळ होती, घशात जळजळ होती. इथे बसून न खोकणारा माणूस जन्माला यायचा होता. आणि जो कोणी मागे बसला होता, तो इतका वेळ श्वास घेत होता... मोठमोठे श्वास... आणि एकदाही खोकला नव्हता.

पडद्यावर रात्र झाली. नटी खोलीत एकटी. मेणबत्ती. दाराची कडी आपोआप सरकू लागली. तोच तो प्रसंग. सूरजबाई खुर्चीच्या कडेला आल्या. दार करकरलं, नटीनं तोंड उघडलं, किंकाळी फुटली...

आणि फट्ट आवाज होऊन सगळं काळं झालं.

अंधार म्हणजे काय, ते गोदामात कळतं. डोळे उघडे की मिटलेले, हेही समजेना. दाराच्या बाजूला बोर्डापाशी एक ठिणगी उडाली, विझली, आणि तिच्या जागी एक बारीक लाल रेघ गोणपाटावर सरकू लागली. ज्योत नव्हती. नुसतं धुमसणं. मग वास आला.

फोडणीत एक सुकी मिरची करपली तर अख्खं घर खोकत अंगणात येतं. इथे पोतं करपत होतं, आणि त्याच्यामागे पोत्यांचा डोंगर होता. धूर आधी नाकात गेला, मग गळ्यात सुरी फिरावी तसा खाली उतरला. डोळे उघडायची सोय उरली नाही. सूरजबाई उठल्या, खुर्ची पडली, त्या गुडघ्यांवर आल्या. दार त्या लाल रेघेच्या पलीकडे होतं आणि रेघ आता रुंद झाली होती.

"अमृत!" त्यांनी हाक मारली, पण हाकेला आवाजच नव्हता. नुसती हवा.

ओरडायचं होतं ते शिखानं. तिनं तोंड उघडलं आणि काही आलं नाही. इतक्या दिवसांचा दगड घशात तसाच होता. सासूबाई तिच्या पायाशी कण्हत होत्या, त्यांचा खोकला तुटक होत चालला होता, आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा तो श्वास जवळ आला.

हंऽऽ... हंऽऽ...

अगदी कानापाशी. धुराच्या आत रबराचा वास आला, सरसाचा, जुन्या घामाचा. आणि शिखाच्या मनगटावर एक हात पडला. हात मोठा होता. त्याच्यावर राठ केस होते, बाहुलीच्या डोक्याला असतात तसे निर्जीव, चिकटवलेले. पण केसांच्या खाली गरम होतं. तिच्या बोटांना त्या मनगटाशी थंडगार दातेरी चेन लागली.

शिखा किंचाळली.

अशी किंचाळली की पत्रे थरारले. दिवाळीपासून आत कोंडलेलं सगळं त्या एका किंकाळीत बाहेर आलं. संपल्यावर पुन्हा किंचाळली. हातानं तिला सोडलं नाही. ओढलं. दाराकडे नाही, उलट्या बाजूला, पडद्याच्या भिंतीकडे. तिनं दुसऱ्या हातानं सासूचा दंड पकडला आणि दोघी फरफटत, गुडघे खरचटत, त्या अंधारात निघाल्या. भिंतीच्या कोपऱ्याशी पोती आडवी आली. धप्... धप्... कोणीतरी ती उचलून बाजूला भिरकावत होतं. दोन हमाल लागतात एकेक पोतं हलवायला. मग एक अरुंद बोळ लागली, पडद्याच्या भिंतीमागची. दोन्ही खांदे घासत होते. श्वास पुढे चालला होता. आता तो दमला होता. मध्येच अडखळत होता, आत कोणाला चक्कर येत असावी तसा.

पत्रा फाटल्याचा कर्कश आवाज झाला. आणि गार हवा तोंडावर आली.

मनगटावरची पकड सुटली.

दोघी बाहेर पथारीवर, वाळत्या मिरच्यांच्या काठाला जाऊन पडल्या. रस्त्यावरच्या दिव्याचा अंधुक उजेड तिथवर पोचत होता. शिखानं मागे पाहिलं. भिंतीत एक बुटकं दार होतं, ज्याच्यावरचा पत्रा वाकून लोंबत होता. दारातून काळा धूर येत होता. धुरात कोणी नव्हतं.

अमृत धावत आला. धूर दिसल्यावर त्यानं आधी मोठ्या दाराकडे धाव घेतली होती आणि मग आवाज ऐकून इकडे.

"आग लागनी, आग लागनी! शेठाणी, काय व्हयनं?" तो रडकुंडीला आला होता. "माले वाटनं, शिनेमामझारली बाई आरडी ऱ्हायनी! मी हसी ऱ्हायंतू तठे बसीसन!"

त्यानं पथारीवरचं पाण्याचं पिंप ओढत आणलं आणि शेजारच्या पथाऱ्यांवरच्या बायामाणसांना हाका मारत मोठ्या दाराकडे पळाला. शिखानं ओंजळीनं सासूबाईंचे डोळे धुतले, तोंड धुतलं. सूर्य मावळून गेला होता. पाणी ओठांना लागताच सूरजबाईंनी ते सवयीनं थुंकून टाकलं, आणि ते बघून शिखाला एकदम हसू फुटलं. हसता हसता तिच्या तोंडातून एक वेगळाच आवाज निघाला. ती मिरच्यांच्या कडेला बसून रडू लागली. पोटातून, गुरासारखी, लाज सोडून.

"मला दाखवलं पण नाही," ती म्हणाली. "मम्मीजी, मला बघू पण दिलं नाही त्यांनी. मुलगा होता का मुलगी, मी कोणाला विचारू?"

सूरजबाईंनी तिचं डोकं छातीशी घेतलं. त्यांचा आवाज धुरानं घोगरा झाला होता.

"मुलगी होती. मी घेतली होती हातात. कपाळ तुझं होतं, बेटा. असं रुंद. आणि केस... इतके केस होते, काय सांगू तुला."

दोघी रडल्या. पलीकडे माणसं ओरडत होती, बादल्या आपटत होत्या, कुठून तरी पाण्याचा टँकर आला होता. कोणी त्यांच्याकडे आलं नाही, आणि तेच बरं झालं. बऱ्याच वेळानं सूरजबाई सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. त्या बुटक्या, काळ्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि ज्या भावानं देरासरात मूर्तीपुढे हात जोडत त्याच भावानं त्यांनी हात जोडले.

"दोनदा झाले रे बाबा तुझे उपकार," त्या म्हणाल्या. "एकदा मला रडू दिलंस. आता हिला."

आग आटोक्यात आली. दाराकडची पोती गेली, बाकीचा माल वाचला. धावतपळत परतलेल्या अभिनंदननं दोघींना बघितलं आणि तो दोघींच्या मध्ये बसला. शिखानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी अमृतनं त्याला मागचं दार दाखवलं. टॉकीजचं गोदाम करताना ते दार बाहेरून पत्रा ठोकून बंद केलेलं होतं. ते कुठे होतं, हेही घरात कोणाला आठवत नव्हतं. पत्रा आतून बाहेर फाटला होता. त्याचे खिळे सरळ उपसून निघाले होते.

"या दोन्ही बायांनी कसं काय फाडं?" अमृत म्हणाला. मग दाराच्या आत डोकावत, आवाज खाली आणून, "मझार आखो कोण व्हतं, शेठ?"

 अभिनंदननं बायकोच्या मनगटावरचे वळ पाहिले होते. बोटांचे होते, पण मधल्या अंतरावरून तो हात कोणाचा असेल हे त्याला ताडता येईना.

घर मात्र पुन्हा घर झालं. शिखा जेवू लागली. पहिले काही दिवस ती सारखी रडायची, स्वयंपाक करताना, केस विंचरताना, आणि कोणी तिला थांबवलं नाही. मग ती बोलू लागली. मुलीबद्दल बोलू लागली. आईला फोन करून तिनं सगळं सांगितलं. फक्त त्या हाताचं तेवढं वगळलं. तिनं मुलीचं नाव ठेवलं, आणि ते घरातल्या तिघांनाच माहीत आहे. रात्री ती झोपायची तेव्हा अभिनंदन जागा राहून तिचा श्वास ऐकायचा, आणि त्याला आईच्या वेडावर कधी हसल्याची आठवण होऊन गहिवरून यायचं.

होळीच्या आधी एका रविवारी, भर दुपारी, सूरजबाई म्हणाल्या, "तो सिनेमा अर्धाच राहिला."

शिखा लगेच म्हणाली, "लावू या."

अभिनंदननं तोच पेनड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावला. खिडक्या उघड्या होत्या, रस्त्यावरून भाजीवाली ओरडत चालली होती, दिवाणखान्यात लख्ख ऊन होतं. सूरजबाई दिवाणावर मांडी घालून बसल्या. शिखा खाली चटईवर, त्यांच्या गुडघ्याला टेकून, अभिनंदन खुर्चीवर. धुकं आलं, हवेली आली, दोरीचं वटवाघूळ आलं, आणि तिघं हसली.

पहिला बळी गेला. मुंडकं घरंगळलं. पण ते उडवणारं कोणी दिसलं नाही.

"काहीतरी कापलं गेलंय," अभिनंदन म्हणाला. "फाइल खराब झाली बहुतेक."

 चौकटीवर पंजा यायला हवा होता तिथे नुसती चौकट होती. रानातली झुडपं कोणीतरी बाजूला सारावीत तशी वाकत होती आणि मोकळ्या जागेतून वाट काढत काहीच जात नव्हतं. भिंतीवर सावली मात्र पडत होती, मोठी, झिपरी. गावकरी मशाली घेऊन तिच्यामागे धावत होते आणि थांबून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, काय करावं ते न कळल्यासारखे.

शिखानं हळूच सासूबाईंचा पदर धरला. पण तिला भीती वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, पण त्या भीतीबरोबर काहीतरी ऊबदारही वाटत होतं. मशालवाल्यांच्या हाती तो लागला नव्हता, हे बघून तिला बरं वाटलं.

मग तो प्रसंग आला. नटी खोलीत एकटी. मेणबत्ती. कडी सरकली, दार करकरत उघडलं. दारात कोणी नव्हतं.

नटीनं दाराकडे पाहिलंच नाही. तिनं सावकाश मान वळवली. वळवत वळवत ती सरळ समोर, काचेबाहेर, ह्या उन्हानं भरलेल्या दिवाणखान्यात बघू लागली. तिची नजर अभिनंदनवरून सरकली, शिखावरून सरकली, सूरजबाईंवरून सरकली, आणि दिवाणाच्या रिकाम्या टोकावर येऊन थिजली. तिचे डोळे मोठे झाले. आणि ती किंचाळली.

अभिनंदनच्या हातातला रिमोट खाली पडला.

सूरजबाईंनी त्या बाजूला पाहिलं नाही. त्यांनी मांडीवरची शाल आवरून घेतली, आणि थोडंसं सरकून जागा करून दिली.